सीटखालचे चिंचोके

थंडी ओसरायला लागली की शिवडीच्या खाडीत फ्लेमिंगोंची गर्दी वाढते. पुस्तकात त्यांना रोहित म्हणतात, पण शिवडीच्या नाक्यावर उभं राहून "रोहित आले का?" असं विचारलं तर लोक कोणाच्या तरी मुलाला हाक मारतील. त्यामुळे आम्ही आपले फ्लेमिंगोच म्हणतो. यंदाही ते आलेत. परवा शाळेच्या कामासाठी रे रोडला गेले होते, येताना वाट वाकडी करून जेट्टीवर गेले. ओहोटी होती. काळ्या चिखलावर दूरवर ती गुलाबी रांग माना खाली घालून चरत होती. चिखलाचा, डिझेलचा, सुकत घातलेल्या जाळ्यांचा असा तिथला नेहमीचा वास. आणि त्यात मला अचानक जळक्या इंजिन ऑइलचा वास आला. जवळपास एकही गाडी उभी नव्हती, तरी आला. काही वर्षांपूर्वीचा तो सगळा हंगाम त्या वासाबरोबर पोटात उतरला आणि मी तिथल्या कट्ट्यावर बसून राहिले.

माझे बाबा मिलमध्ये फिटर होते. मिल बंद पडली तेव्हा ते ऐन उमेदीत होते. आमच्या लालबागच्या चाळीत कोणी वॉचमन झालं, कोणी भाजीची गाडी लावली, कोणी गावी निघून गेलं. बाबांनी इकडेतिकडे कामं करून शेवटी एक जुनी व्हॅन घेतली. शाळेची मुलं, लग्नाची वऱ्हाडं, गणपतीत मखरांचं सामान, असं जे मिळेल ते त्या व्हॅनमधून वाहिलं. आमचं शिक्षण, माझं लग्न, आईच्या हातातल्या पाटल्या, सगळं तिच्यातूनच आलं. बाबांनी तिला कधी 'धंद्याची गाडी' म्हटलं नाही. ते तिला नुसतं 'गाडी' म्हणायचे, जणू मुंबईत दुसरी गाडी नाहीच.

मिलमधून बाबांनी दोन गोष्टी आणल्या. एक व्हर्नियर, म्हणजे केसभर जाडीही मोजणारी लोखंडी पट्टी, आणि दुसरी मोजायची खोड. व्हर्नियर आईच्या जुन्या मखमली ब्लाउजच्या तुकड्यात गुंडाळलेला असायचा आणि खोड मात्र चोवीस तास उघडी असायची. दार चौकटीला घासतंय का, कपाटाचा पाय किती उचलायला हवा, हे मोजून झालं की स्वारी आईच्या पोळ्यांकडे वळायची. "कडेला जाड आहे गो," असं म्हणत एकदा त्यांनी खरंच पोळीला व्हर्नियर लावला होता. आईने तो हातातून काढून घेतला आणि पिठाच्या डब्यात टाकला. दोन दिवस बाबा तो साफ करत बसले होते. आईला त्याचं अजूनही हसू येतं.

आई कुडाळकडची. आईबद्दल आमच्या घराण्यात एक गोष्ट प्रसिद्ध होती, ती म्हणजे तिला जगातली प्रत्येक गाडी लागते. लालबागहून दादरला बसने जायचं तरी ती परळपर्यंत पांढरीफटक. गावच्या एसटीत चढायच्या आधीच तिच्या हातात पिशवी असायची. टॅक्सी, रिक्षा, एकदा तर भाऊच्या धक्क्यावर नुसती लाँच हलताना बघून ती खाली बसली होती. फक्त बाबांची व्हॅन तिला लागत नाही. हा चमत्कार बाबांनी व्हॅन आणली त्या दिवशी सिद्ध झाला. चाळीच्या आवारात नारळ फोडला, झेंडूचा हार घातला, आईला पुढच्या सीटवर बसवलं आणि प्रभादेवीच्या देवळापर्यंत चक्कर मारून आणली. सगळी चाळ गॅलऱ्यांत उभी होती. आई हसत उतरली. बाबा गॅलऱ्यांकडे बघून मोठ्याने म्हणाले, "बघा, लागली नाही!" त्यानंतर कितीतरी वर्षं ते येणाऱ्याजाणाऱ्याला हे ऐकवत. गाडी नीट ठेवलेली असली, इंजिन ठाकठीक असलं की माणसाला त्रास होत नाही, हा त्यांचा सिद्धांत. आई मान डोलवायची.

मी ज्या हंगामाबद्दल बोलतेय, त्या वर्षी आमच्याकडे सगळंच एकदम हललं. चाळ पाडून तिथे टॉवर व्हायचा होता, म्हणून आईबाबा वडाळ्याला भाड्याच्या खोलीत राहायला गेले होते. मी लग्नानंतर दादरला, शाळेत शिकवणारी. दिवाळीनंतर आईला गाठ निघाली. परळच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं आणि मग केमो सुरू झाली. ठरावीक दिवसांनी वडाळ्याहून परळला जायचं, दिवसभर सलाइन, संध्याकाळी परत. बाबांनी व्हॅनची सगळी भाडी बंद केली. गाडी फक्त आईसाठी.

पहिल्या खेपेला कसंबसं निभावलं. दुसऱ्या खेपेला जातानाच आई वडाळ्याच्या पुलावर ओकली. औषध अजून शरीरात जायचं होतं. येताना तर बाबांना तीनतीनदा गाडी थांबवावी लागली. मी मागे बसून तिची पाठ चोळत होते. गाडीत मला हलका जळका वास येत होता, पण वासाकडे लक्ष द्यायची ती वेळ नव्हती. पुढच्या तपासणीला मी हट्टाने टॅक्सी केली. टॅक्सीत तर तिचे हालच झाले.

घरी येऊन ती भिंतीकडे तोंड करून निजली आणि म्हणाली, "मी आता येवचंय नाय. जा काय व्हायचा ता होवंदे."

आईचा शब्द असा सहसा नसतो. ती कुरकुर करते, टोमणे मारते, पण नाही म्हणत नाही. डॉक्टरांनी तर आधीच बजावलं होतं की औषधाच्या खेपा अर्ध्यावर सोडायच्या नाहीत, तारीख चुकवायची नाही. मी समजावलं, रागावले, नातवाची शपथ घातली. ती ऐकेना. औषधाला ती घाबरत नव्हती, सुयांनाही नाही. घाबरत होती त्या रस्त्याला. ओकून ओकून रिकाम्या झालेल्या पोटाने पुन्हा त्या गाडीत चढायचं, हेच तिला नको झालं होतं.

बाबा खिडकीशी उभे होते. ते म्हणाले, "चूक गाडीची आहे."

"बाबा, औषधाने होतं असं. सगळ्यांनाच होतं. डॉक्टरांनी सांगितलंय."

"औषधाचं औषधवाले बघतील. तिला माझी गाडी कधी लागली होती? आता लागते. म्हणजे गाडीत काहीतरी बिघडलंय. जळका वास येतो. इंजिनाचं सील गेलंय. तेल गळून सायलेन्सरच्या तापल्या पाइपवर पडतं, त्याचा धूर आत येतो." मग भिंतीकडे वळलेल्या आईला उद्देशून, "गो, आठवड्याभरात गाडी उघडतंय मी. वास बंद केलंय तर येशीत?"

पुढची खेप तोंडावर आली होती. आईने अंगावरची चादर ओढून घेतली. पण नाहीही म्हणाली नाही.

मला त्यांचा राग आला होता, हे लपवत नाही. बायको अंथरुणाला खिळलीय आणि हा माणूस इंजिन उघडायला निघालाय, असं वाटलं. आता कळतं, की ज्याला आयुष्यभर हातात पाना घेऊनच विचार करता आला त्याला त्या वेळी दुसरं काय सुचणार होतं? आईच्या शरीरात काय चाललंय हे त्यांना मोजता येत नव्हतं. इंजिन मोजता येत होतं.

शिवडीला बंदराच्या गोदामांमागे रफिकभाईंचं गॅरेज होतं. रफिकभाई मूळचे रत्नागिरीकडचे, बाबांचे जुने दोस्त, त्यांच्याहून दहाएक वर्षांनी लहान. त्यांनी एक कोपरा आणि गाडीखाली शिरायचा एक खड्डा बाबांना देऊन टाकला. तेव्हा आमच्या शाळेत दहावीची पूर्वपरीक्षा झाली होती. आईजवळ शेजारच्या वहिनी बसायच्या आणि मी दुपारी शाळा सुटली की उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन गॅरेजात जायची, कारण बाबांची नजर आता बारीक रेघांवर ठरत नव्हती. व्हर्नियर वाचायला कोणीतरी हवं होतं. लहानपणी त्यांनीच मला तो वाचायला शिकवला होता, पाढ्यांच्याही आधी. उलट्या क्रेटवर बसून मी अर्धा वेळ पेपर तपासायची आणि अर्धा वेळ शाफ्ट.

त्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटांखाली असतं. म्हणजे ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारचा माणूस दोघंही इंजिनावरच बसलेले असतात. त्यामुळे पहिल्यांदा सीटा काढाव्या लागतात. बाबांनी आईची सीट उचलली तेव्हा मी तिथेच होते. सीटखालच्या पत्र्याच्या खोबणीत, तेलाच्या मळीत, चिंचोके पडले होते. दोनचार नव्हेत. ओंजळभर, दोन ओंजळी, काही काळे पडलेले, काही नवे चकचकीत. बाबांनी एक उचलला. बोटांत फिरवला. बराच वेळ फिरवला.

"हे काय?" मी विचारलं.

"उंदीर," बाबा म्हणाले. "साठवले असतील."

आणि त्यांनी सगळे चिंचोके फडक्यात गोळा केले, फडक्याला गाठ मारली आणि ते हत्यारांच्या पेटीत ठेवून कामाला लागले. मी परत पेपरांकडे वळले.

कामाचा तो आठवडा माझ्या मनात वासांनी आणि आवाजांनी भरलेला आहे. रॉकेलमध्ये बुडवलेला ब्रश, खाडीवरून येणारा खारट वारा, लांबून मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज. दुपारी रफिकभाई चहा मागवायचे आणि चहा येईपर्यंत बाबांशी भांडायचे. त्यांच्या भांडणाचा विषय एकच असायचा.

गिअरबॉक्स उतरवला, जुनं सील काढलं. सील म्हणजे एक साधी रबरी कडी. आतल्या बाजूला तिला पातळ ओठ असतो. शाफ्टला, म्हणजे इंजिनातून बाहेर येणाऱ्या फिरत्या दांड्याला, तो ओठ इतकाच टेकलेला असतो, की तेल बाहेर येऊ नये आणि शाफ्ट अडूही नये. आमच्या गाडीचं सील कडक होऊन चिरलं होतं. बाबांचं म्हणणं खरं निघालं, तेल गळत होतं. फार नाही, पण गळत होतं. मला वाटलं, झालं, नवीन सील आणायचं आणि ठोकायचं. रफिकभाईंनाही तसंच वाटलं.

बाबांनी मात्र शाफ्ट पुसून त्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. डोळे मिटून फिरवलं. मग माझा हात धरून माझंही नख फिरवलं. "लागतंय?" ते म्हणाले. अगदी बारीक, जुन्या ओठाने घासून घासून पडलेली खाच माझ्या नखाला लागली.

"अहो भाऊ, एवढी खाच तर सगळ्या जुन्या गाड्यांना असते," रफिकभाई म्हणाले. "चालतंय. टाका सील, विषय संपवा. भाभींना घेऊन जायचंय ना?"

"चालतंय म्हणजे किती चालतंय?" बाबा म्हणाले. "मोजून सांग."

हेच ते भांडण. मुंबईत सगळं चालतंयवर चालतं. गळका नळ चालतो, वाकडी भिंत चालते. बाबांनाही चालायचं, पण किती ते त्यांना माहीत असायला हवं. इंग्रजीत टॉलरन्स म्हणतात त्याला ते 'चालण्याची हद्द' म्हणायचे. मिलमध्ये त्यांच्या उस्तादाने दिलेला शब्द. अगदी बरोब्बर असं काही बनत नसतं, बाय, ते मला सांगायचे. बरोब्बर बसवलेला शाफ्ट तापला की जाम होतो. त्याला थोडं हलायला जागा लागते. मात्र ती जागा किती, हे ठरलेलं असतं. त्याच्या आत आहे तोवर फरक असला तरी तो दोष नाही.

म्हणून मग सगळं मोजलं. शाफ्टला डायलचा काटा लावला, टॉमीने, म्हणजे छोट्या पहारीने, शाफ्ट पुढे ढकलला, मागे ढकलला, आणि काटा किती हलतो ते मी मोठ्याने वाचलं. बाबा तो आकडा पुटपुटत जुन्या मॅन्युअलशी ताडून बघायचे आणि पुन्हा वाच म्हणायचे. सील जिथे बसतं ती गोल जागा व्हर्नियरने आडवी मोजली, उभी मोजली, तिरकी मोजली. नव्या सीलचा बाहेरचा घेर मोजला. शाफ्ट हद्दीत होता. खाच तेवढी उरली. त्यावर बाबांनी जे केलं ते मला फार आवडलं होतं. त्यांनी ठरवलं की नवं सील जुन्याच्या जागी खोल ढकलायचं नाही, केसभर अलीकडे बसवायचं. म्हणजे नवा ओठ जुन्या खाचेत पडणार नाही, कोऱ्या लोखंडावर टेकेल. खाच बुजवायची नाही, घासायची नाही. ती राहू दे, आपण थोडं सरकून घेऊ.

सीलच्या ओठाला बोटाने तेल लावून, लाकडाचा ठोकळा धरून, ते हळूहळू चहूकडून ठोकत होते. इकडे एक टक, तिकडे एक टक. मध्येच थांबून व्हर्नियरची मागची शेपटी आत घालायची आणि खोली चारी बाजूंना सारखी आहे का ते मी वाचायचं. एका बाजूला जरा जास्त गेलं होतं. बाबांनी सील काढून फेकलं आणि दुसरं मागवलं. रफिकभाईंनी कपाळाला हात लावला. "इतकं तर विमानाला पण नाय बघत कोणी," ते म्हणाले.

"विमानात माझी बायको बसत नाही," बाबा म्हणाले.

मी पेपर खाली ठेवला. आईसमोर ते असं कधी बोलल्याचं मला आठवत नाही. त्या दोघांचं बोलणं म्हणजे मीठ कमी, पंखा वाढव, किल्ली कुठाय. बाबांच्या तोंडून आलेलं ते एवढंसं वाक्य ऐकून माझे डोळे भरून आले आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. समोरच्या उत्तरपत्रिकेतल्या मुलाला मी त्या दुपारी जरा जास्तच गुण दिले असावेत.

सगळं परत जोडलं, सीटा बसवल्या, गाडी सुरू झाली. रात्रभर इंजिनाखाली जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू वर करून अंथरली. सकाळी कागद पांढराशुभ्र. बाबांनी तो घडी घालून खिशात ठेवला आणि आईला दाखवायला घेऊन गेले.

आई त्या कागदाकडे बघत राहिली. मग उठून साडी बदलायला गेली.

बाबा म्हणाले, हॉस्पिटलच्या आधी एक ट्रायल घेऊ. वडाळ्याहून निघून शिवडीच्या जेट्टीपर्यंत. आई पुढे, मी मागे. बाबा इतकी हळू चालवत होते की हातगाड्या आम्हाला मागे टाकत होत्या. जळका वास खरोखरच नव्हता. रेक्झिनचा आणि आईच्या औषधाचा तेवढा येत होता.

"गो, वास येता काय?" बाबांनी विचारलं.

"नाय."

"पोटात ढवळता?"

"नाय वो. कायेक नाय."

बाबांचा चेहरा मला आरशात दिसत होता. व्हॅन पहिल्यांदा आणली त्या दिवशी तो असाच दिसला होता.

जेट्टीवर पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती आणि चिखलावर फ्लेमिंगो पसरले होते. आईने डोक्याचा रुमाल सारखा केला आणि दरवाजा धरून उतरली. बाबा लगेच कागद अंथरून गाडीखाली शिरले, थेंब बघायला. त्यांचे फक्त पाय बाहेर दिसत होते. आई माझा हात धरून थोडी पुढे आली. तिचा तळवा घामाने थंड पडला होता. ओठ घट्ट मिटलेले. तिने दोनतीनदा आवंढा गिळला आणि फ्लेमिंगोंकडे बघतच म्हणाली,

"बाय, तुका एक सांगतंय. तेंका सांगू नको."

"काय गं?"

"माका ही गाडी लागता."

"अजून? वास येतोय?"

"वास खयचो! वास नायच. पयल्या दिवसापासून लागता."

मला कळेना ही काय बोलतेय. ती हळूहळू सांगायला लागली. "पयल्यांदा बसलंय तेव्हाच पोटात ढवळूक लागला. तेंच्या तोंडाकडे बघितलंय. इतको खूष माणूस मी लग्नाच्या दिवशीपण बघूक नाय. मगे काय, पदराक चिंच बांधलेली होती, ती तोंडात टाकलंय. चिंच आसली की चालता माका. आता तोंड इला, चिंच लावली की जीव जाता. म्हणान लपवूक येणा नाय."

केमोने तिचं तोंड आलं होतं. जीभ, गाल, हिरड्या, सगळीकडे लाल फोड. पाणी पिताना ती डोळे मिटायची. इतकी वर्षं जी गोष्ट एका आंबट तुकड्याने गालात दाबून धरली होती, ती आता धरायला जागा उरली नव्हती. आणि आम्ही सगळे इंजिन उघडून बसलो होतो.

"आणि बिया?" मी विचारलं, पण मला उत्तर ठाऊक झालं होतं.

"सीटच्या बाजूक फट आसा. थय टाकतंय."

"अगं पण सांगायचं होतंस एवढ्या वर्षांत!"

"काय सांगतलंय? सगळ्या चाळीक ते सांगान बसलेले." मग गाडीखालून बाहेर आलेल्या त्या दोन पायांकडे तिने मान वळवली. "इतके दिवस शाफ्टाखाली झोपान काढल्यानी. आता मी येवचंय नाय म्हणान कशी सांगू? येतंय मी. सगळ्या टायमाक येतंय."

बाबा कागद घेऊन बाहेर आले. केसांना माती लागली होती. "एक थेंब नाही," ते म्हणाले. आईने कागद हातात घेऊन नीट बघितला आणि म्हणाली, "मस्त झाली गाडी." मग आम्ही तिघं थोडा वेळ फ्लेमिंगो बघत उभे राहिलो. आईला ते विशेष आवडले नाहीत. पाय फार बारीक आहेत म्हणाली.

ती खरंच आली. प्रत्येक खेपेला आली. तारीख एकही चुकली नाही. मी मागे पिशवी घेऊन तयार असायची आणि कधी लागायची, कधी नाही. लागली की आई म्हणायची, औषध आहे हो, गाडीचं काही नाही. बाबा म्हणायचे, हो, औषधच. काच मात्र पूर्ण खाली असायची, आणि वडाळ्याचा पूल उतरल्यावर एका पिंपळाखाली ते न सांगता गाडी थांबवायचे. इंजिन बघतो जरा, म्हणून खाली उतरायचे आणि काहीही न बघता उभे राहायचे. तेवढ्यात आईला श्वास घेता यायचा.

मी बाबांना काही सांगितलं नाही. गुपित सांभाळणं सोपं होतं, पण अधूनमधून ते उंदराचं मनात यायचं. बाबा उंदराला किती घाबरतात हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. उंदीर वायरी कुरतडतो. एकदा डिकीत एक लेंडी सापडली तर त्यांनी सबंध गाडी रिकामी करून धुतली होती. आणि त्या दिवशी सीटखाली ओंजळभर चिंचोके सापडूनही त्यांनी ना पिंजरा मागवला, ना औषध, ना एक वायर तपासली. फडक्याला गाठ मारली आणि पेटी बंद केली. सगळ्या आकड्यांचा हिशेब लावणाऱ्या माणसाला तो हिशेब लागला नसेल, हे मला खरं वाटेना. पण विचारायचं कसं? आईला दिलेला शब्द होता.

आता आई बरी आहे. डोक्यावर पुन्हा दाट पांढरे केस आले आहेत आणि टॉवर पुरा होऊन दोघं लालबागला सोळाव्या मजल्यावर राहतात. भिंती काटकोनात नाहीत अशी बाबांची तक्रार आहे. लिफ्टही आईला लागते. व्हॅन पार्किंगच्या कोपऱ्यात असते. सोसायटीने तिथे गाडी उघडायला बंदी केली आहे, तरी बाबा रविवारी तिच्याखाली कागद अंथरतात. माझ्या वर्गात हल्ली मी मुलांच्या चुका तपासताना चालण्याची हद्द थोडी रुंद धरते. घरातही धरायचा प्रयत्न करते, नेहमी जमतंच असं नाही. परवा जेट्टीवरून उठले तेव्हा फ्लेमिंगो भरतीमुळे आत सरकत होते आणि मला आठवत होती ती शेवटच्या खेपेनंतरची दुपार.

औषधं संपून बरेच दिवस झाले होते. आईचं तोंड बरं झालं होतं. तपासणीला जायचं होतं. बाबा गाडीखाली वाकून कागदावर थेंब बघत होते. आई तिच्या सीटवर बसली आणि रुमाल ठेवायला तिने समोरचा डॅशबोर्डचा खण उघडला. आत एक छोटा स्टीलचा डबा होता. तिने झाकण काढलं. चिंचेच्या गोळ्या होत्या, मीठ आणि गूळ लावलेल्या, एकसारख्या वळलेल्या. इतक्या एकसारख्या, की कोणी त्या व्हर्नियरने मोजल्या असत्या तरी फरक निघाला नसता.

आईने मागे वळून माझ्याकडे बघितलं. "तू ठेवलंस?"

मी मान हलवली. नाही.

"तू सांगितलंस तेंका?"

नाही.

तिने एक गोळी तोंडात टाकली. सवयीने ती जिभेने चाचपली, बी शोधायला. गाल या बाजूचा त्या बाजूला केला. मग चघळायची थांबली. दुसरी गोळी उचलून तिने बोटांनी फोडून बघितली. तीही तशीच. सगळ्या चिंचेचे चिंचोके एकेक करून काढून टाकलेले होते.

बाबा फडक्याला हात पुसत आले आणि शेजारी बसले. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली.

"अहो," आई गालात चिंच धरून म्हणाली, "काय मस्त चालता गाडी."

"चालणारच," बाबा म्हणाले. "सील नवीन आहे ना."